खारट दूध

सगुणाची पहिली मुलगी तीन महिने जगली. वैशाख सरता सरता तिला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ती गेली. डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी, मिठागरावर राबणाऱ्या आगऱ्यांची वस्ती होती. तिथं दर उन्हाळ्याला अशी दोन-चार तान्ही पोरं जात. 'ऊन बाधलं,' एवढंच लोक म्हणत आणि दुसऱ्या दिवशी कामावर जात. सगुणाही गेली. डोक्यावर पाटी घेऊन चालताना तिची चोळी दुधानं भिजायची, उन्हानं वाळून कडक व्हायची आणि पुन्हा भिजायची. आठ-दहा दिवसांनी दूध आपोआप आटलं.

दोन वर्षांनी, माघात, तिला मुलगा झाला.

बाळंतपणाला हौसाबाई सुईण आली होती. ती मूळची नगरकडची. सतरा वर्षांमागं, मोठ्या दुष्काळात, घाट उतरून इकडं आली आणि रुळांच्या पलीकडे झोपडं बांधून राहिली. तिनं पोर पुसून सगुणाच्या छातीशी लावलं. ते लुचायला लागल्यावर ती तिथंच उकिडवी बसली आणि म्हणाली, "पहिल्या पोरीला पाणी पाजत होतीस?"

"पाजायची की. सगलीच पाजतान."

"ह्याला थेंब देऊ नगंस. बसायला लागेस्तवर काहीच नगं. अंगावरचं दूध, बास."

"उन्हालात पण?"

"उन्हाळ्यात तर नगंच. दुधातच पाणी असतंय, पोरी. त्याला तहान लागली की पदराखाली घे. त्याच्या वाटचं पाणी तू पी."

सगुणा तिच्याकडे बघत राहिली. असं तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कुनी शिकवलं?"

"कोण शिकवणार?" हौसाबाई हात धूत म्हणाली. "घाट उतरलो तवा आम्ही धा-बारा बाया होतो, सगळ्यांच्या कडंवर पोरं. वाटंत डबकी होती, हिरवं पाणी. बायांना वाटलं, आपल्या पोटात अन्न न्हाई, दूध कुठनं येणार? म्हणून पोरांना ते पाणी पाजलं. चार पोरं वाटंतच पुरली. माझी रतन पाच महिन्यांची होती. मी तिला पाणी पाजलं न्हाई. शहाणपण नव्हतं ते. माझ्याकडं पाजायला भांडंच नव्हतं. ती रडली की छातीला लावायची, दूध असो-नसो. आता कल्याणला दिलीय तिला. पोरगं हाय तिला दोन महिन्यांचं."

दारात सगुणाची सासू आवडाबाई उभी होती. हौसाबाई गेल्यावर ती म्हणाली, "देशावरची बाई ती. तिकरं पानीच नसतं, ती काय सांगल पान्याचं?"

पण सगुणानं ऐकलं ते हौसाबाईचं. सव्वा महिना ती घरात होती. पोर रडलं की ती त्याला घ्यायची. आवडाबाई कुरकुरायची, पण आडवी आली नाही. ती वाईट बाई नव्हती. पहिली मुलगी गेली तेव्हा चार दिवस तिनं सगुणाला चुलीकडे फिरकू दिलं नव्हतं, स्वतःच्या हातानं भात भरवला होता. आताही खाडीच्या चिखलातले निवटी मासे मिळाले की त्यांचं कालवण ती सुनेच्या ताटात ओतायची, दूध यावं म्हणून. पोराचं नाव राघो ठेवलं. तो हाताला जड लागायला लागला. त्याच्या मनगटाला वळ्या पडल्या. सगुणाचा नवरा धाकू संध्याकाळी आगरावरून आला की त्याला पायांवर घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "मुकादमासारखा दिसतोय, पोट बघ."

चैत्र लागला आणि सगुणा कामावर गेली.

खाडीचं पाणी वाफ्यांत घेत, ते उन्हानं आटलं की पुरुष लाकडी फावड्यांनी मीठ ओढून कडेला लावत आणि बायका ते पाट्यांत भरून बांधावरच्या राशीपर्यंत नेत. खाडीत पडाव, म्हणजे मिठाची मोठी होडी, लागला की रास त्यात भरत. बांधावर झावळ्यांचा एक लहान मांडव होता. त्यात राघोची झोळी, झोळीजवळ आवडाबाई, आणि तिच्याजवळ पाण्याचं मडकं. सगुणा दिवसातून पाच-सहा वेळा येऊन राघोला पाजून जायची. दर वेळी मुकादम तिच्याकडे बघायचा, पण काही बोलायचा नाही.

वैशाखात ऊन वाढलं. वाफ्यांवरून नजर फिरवली की डोळ्यांत पाणी यायचं, इतकं पांढरं. राघोच्या अंगावर घामोळं उठलं. तो दुपारभर चिरचिर करायला लागला. सगुणानं छातीला लावला की दोन घोट घ्यायचा, सोडायचा, पुन्हा रडायचा.

"तहानलाय त्यो," आवडाबाई म्हणाली.

"हौसाबाई बोलली..."

"हौसाबाई या मांडवात येऊन बसली हाय का?" आवडाबाईचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "बस जरा. तुना एक सांगते. धाकूच्या आदी मना एक पोरगा झाला व्हता. गोविंदा. हाच मांडव, हीच जागा. तवा माझी सासू नव्हती, पोराजवल बसाला कुनी नव्हता. मी त्याला झोलीत ठेवला आनि मीठ व्हायला गेले. पडाव भराचा व्हता, मुकादम सोरी ना. दोन पारानं आले तर पोराचं तोंड उघडं, जीभ पांढरी, व्हट फाटलेलं. रडाचा पन थांबला व्हता. मी पाजाला घेतला तर त्याना तोंड लावलं नाय. संद्याकाली गेला. पान्याचं मडकं दोन हातांवर व्हतं ग. दोन हातांवर. त्याला देनारा कुनी नव्हता." ती थांबली. "मी बसलेय ना इथं आता? मी असताना याला मी तसा मरू देऊ?"

 सगुणानं राघोला पुन्हा पदराखाली घेतलं. त्यानं तोंड फिरवलं आणि पाठ ताणून किंचाळला.

आवडाबाई पुढं सरकली. "हातावर पिल थोरं दूध. बगू."

सगुणानं पोर झोळीत ठेवलं आणि तळहातावर चार थेंब पिळले. आवडाबाईनं बोट लावून ते जिभेवर घेतलं. मग म्हाताऱ्या बाईचा चेहरा असा झाला, की जणू तिला सगळ्याचं उत्तर सापडलं.

"खारट," ती म्हणाली. "खारट हाय तुझं दूध. दिसभर मिठात राबतेस, मीठ अंगात मुरलंय. पोर पील कसा? आनि पिला तर तहान वाढनारच ना?"

"काहीतरी काय, आये."

"तूच चाख."

सगुणानं तळहात तोंडाला लावला. खारट होतं. खरंच खारट होतं.  पहिल्या मुलीलाही आपण हेच पाजलं असणार, असं तिला वाटलं. तिचा तळहात सकाळपासून मिठात होता, छातीवरून घाम निथळत होता, हे त्या घडीला तिच्या ध्यानातच आलं नाही. झोळीत पोर रडत होतं आणि सासू तिच्याकडे बघत होती.

धाकू पाणी प्यायला मांडवात आला. आईनं त्याला सांगितलं. त्यानं मडक्यातून ओंजळ भरून घेतली, प्याला, तोंड पुसलं. "दे ना थोरं," तो सगुणाला म्हणाला. "पान्यानं काय व्हतंय? आपन नाय पीत?"

आवडाबाईनं मडक्यातलं पाणी शिंपल्याच्या एका शिंपीत घेतलं आणि राघोला उचलायला हात पुढं केले.

"मी देते," सगुणा म्हणाली.

पुढं आयुष्यभर तिला हे आठवत राहिलं, की कोणी जबरदस्ती केली नव्हती. पहिला घोट तिनंच दिला. शिंपीची कड त्याच्या खालच्या ओठाला लावली, त्यानं जिभेनं चाटलं, ठसकला, मग गिळलं. दोन शिंप्या प्याला आणि झोपला. मांडवात इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांतता झाली. आवडाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

त्या दिवसानंतर सगळं सोपं झालं. राघो रडला की आवडाबाई त्याला पाणी द्यायची, आणि सगुणाला फावड्यांपासून मांडवापर्यंत पळत यावं लागायचं नाही. पाच वेळांच्या तीन वेळा झाल्या, मग दोन. मुकादमाचं बघणं थांबलं. गावची विहीर वैशाखाच्या मध्याला मचूळ झाली तेव्हा बायका तळ्याचं पाणी आणायला लागल्या. तळं खाली गेलं होतं, कडेला म्हशी बसायच्या. पाणी फडक्यानं गाळून मडक्यात भरत. आवडाबाई त्यात गुळाचा खडा टाकायची, ताकद यावी म्हणून. आंबे आले तेव्हा रायवळ आंब्याचा रस तिनं राघोला बोटानं चाटवला. पोर मिटक्या मारून चाटायचं, आणि बघायला जमलेल्या बायका हसायच्या.

सगुणाही हसली होती. पण संध्याकाळी ती त्याला पाजायला घ्यायची तेव्हा त्याचं पोट आधीच तट्ट असायचं. तो जरा चोखायचा आणि झोपायचा. पूर्वी तिची छाती दुपारपर्यंत दगडासारखी व्हायची. आता होत नव्हती. एका सकाळी तिच्या लक्षात आलं, की तिची चोळी कोरडी आहे.

"आये, माझं दूध कमी झालंय."

"मंग?" आवडाबाई म्हणाली. "मी बोलले नव्हते? तुझ्या दुधात काय राम व्हता? बरं झालं पानी चालू केलं, नायतर उपाशी मेला असता."

सगुणाला ते पटलं. दूध कमी, म्हणून पाणी हवंच. पाणी पाजल्यामुळे पोर चोखत नाही, आणि चोखत नाही म्हणून दूध आटतं, असं उलटं असू शकतं हे तिला सांगणारं मांडवात कोणी नव्हतं.

राघोच्या मनगटाच्या वळ्या गेल्या. पोट तेवढं फुगलेलं राहिलं.

ज्येष्ठ लागायच्या आधी त्याला हगवण लागली. पहिल्या दिवशी आवडाबाई म्हणाली, दात येताहेत. दुसऱ्या दिवशी तिनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शी पाण्यासारखी होत होती, आणि जितकं बाहेर जाई तितकं आवडाबाई शिंपीनं आत घालत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तर टाळू खोल गेलेली. पहिल्या मुलीची अशीच गेली होती. तिनं पोराला तसंच उचललं आणि रूळ ओलांडून हौसाबाईकडे पळत गेली.

हौसाबाईनं एकदा राघोकडे पाहिलं आणि एकदा सगुणाकडे. "पाणी पाजलंस," ती म्हणाली.

"माझं दूध खारट हाय," सगुणा रडत म्हणाली. "मी चाखलंय. मिठावरच्या बाईचं दूध खारट व्हतं."

 हौसाबाईनं तांब्याभर पाणी घेतलं, सगुणाचे दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, ओल्या फडक्यानं तिची छाती पुसली, पुन्हा धुऊन पुन्हा पुसली. "आता काढ."

बराच वेळ काही आलं नाही. मग एक थेंब आला, मग दुसरा. सगुणानं जीभ लावली.

गोड होतं.

ती तिथंच खाली बसली. हौसाबाईनं तिला रागावलं नाही, समजावलंही नाही. पोराला तिच्या छातीला लावलं आणि म्हणाली, "रडाया येळ न्हाई. चोखू दे. एक बाजू, दुसरी बाजू, दिवसभर. त्यानं चोखलं की येतंय दूध परत. कामावर जाऊ नगंस. पाणी बंद, गूळ बंद, आंबा बंद. तू पी, तांब्या-तांब्यानं पी."

दोन दिवस सगुणा घरातून हलली नाही. राघोला कुशीत घेऊन ती भिंतीला टेकून बसली. तो अशक्त होता, पण चोखत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला छातीत ती जुनी कळ जाणवली, दूध उतरतानाची. राघोनं गिळल्याचा आवाज आला. तिनं आवडाबाईला हाक मारून बोलावलं. "आये, ऐक. ऐक ना. गिलतंय." आवडाबाई कान लावून ऐकत राहिली. शी थोडी दाट झाली होती. संध्याकाळी राघोनं डोळे उघडून आईकडे बघितलं, चांगलं बराच वेळ बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाडीला पडाव लागला. दुपारच्या भरतीला तो भरून निघायला हवा होता, नाहीतर पुढचे कित्येक दिवस दुसरा मिळणार नव्हता, आणि आभाळात ढग यायला लागले होते. रास उघडी होती. मुकादम स्वतः दारात आला. "झारून सगली मानसं पायजेत," तो धाकूला म्हणाला. "बाईला घेऊन ये. जी नाय आली तिला पुढल्या साली आगरावर उभी करनार नाय."

धाकू आत आला. सगुणाकडे न बघता बोलला, "दोन पारापर्यंत. मंग ये परत."

"पोर?"

"आये हाय ना."

सगुणानं सासूचे दोन्ही हात धरले. "आये, पानी नको देऊ. माझी शपथ हाय. रडला तर रडू दे. मी मधून येते."

"नाय देत," आवडाबाई म्हणाली.

ती मधून येऊ शकली नाही. पडावापर्यंत चिखलावर फळ्या टाकल्या होत्या आणि बायकांची एकामागं एक रांग चालली होती. मध्येच कोणी थांबलं की सगळी रांग थांबे आणि मुकादम ओरडे. सगुणा पाटी नेत होती, रिकामी आणत होती, आणि दर खेपेला घराकडे बघत होती. चोळी भिजली तेव्हा तिला बरं वाटलं. दूध येतंय, एवढं तिला कळलं.

भरती चढल्यावर सुटका झाली. ती पळत घरी आली. राघो आवडाबाईच्या मांडीवर होता. घराला आंबूस वास येत होता, आणि खाली टाकलेली तीन फडकी ओली होती.

आवडाबाईनं वर पाहिलं.  "जीभ पांढरी झाली ग त्याची," ती म्हणाली. "तोंड उघडं टाकून रडत व्हता. अगदी तसा. मना नाय बगवलं. थोरंच दिलं. थोरं थोरं."

सगुणानं पोर घेतलं आणि छातीला लावलं. त्यानं तोंड उघडलं नाही.

निरोप मिळून हौसाबाई आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तिनं राघोच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. "ह्याच्यात चोखायचं बळ न्हाई राहिलं," ती म्हणाली. "माझ्या रतनला भरपूर दूध हाय, पोरगं पिऊन उरतंय. तिचं आपोआप वाहतंय. तोंडात पडलं तर गिळंल. कल्याणला चल."

"परक्या जातीचं दूध?" आवडाबाई पुटपुटली.

सगुणानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. धाकू अजून आगरावरून आला नव्हता. तिनं त्याला निरोपही ठेवला नाही.

रुळांच्या कडेनं दोन कोस वाट होती. खडी तापलेली. सगुणानं राघोला पदरात गुंडाळून छातीशी धरलं होतं आणि चालता चालता ती त्याच्या ओठांवर दूध पिळत होती. थोडं ओठांवरून हनुवटीवर ओघळायचं, थोडं आत जायचं. हौसाबाईचं वय झालं होतं, तिला धाप लागायची, पण ती मागं राहिली नाही. वाटेत एक गाडी धडधडत गेली. तेव्हा राघो दचकला, आणि तो दचकला याचाच सगुणाला केवढा आनंद झाला.

रतनचं घर कल्याणच्या बाजाराच्या मागं होतं. ती सतरा वर्षांची, अंगानं भरलेली, गालावर गोंदण असलेली पोरगी. आईनं दोन वाक्यांत सांगितलं आणि तिनं तिसरं ऐकायची वाट पाहिली नाही. स्वतःचं पोर बाजूला ठेवलं, राघोला मांडीवर घेतलं, चोळीची गाठ सोडली. दूध तोंडाला लावायच्या आधीच वाहायला लागलं. तिनं बोटानं राघोची हनुवटी खाली केली आणि धार आत सोडली.

"पी, बाळा," रतन म्हणाली. "पी रे. बघ किती हाय."

राघोनं एकदा गिळलं. तिघींनी ते पाहिलं. सगुणा पुढं वाकली. दुसऱ्यांदा त्यानं गिळलं नाही. दूध तोंडात साठलं, कडेनं बाहेर आलं आणि कानामागं गेलं. रतननं ते पुसलं आणि पुन्हा धार सोडली. तेही बाहेर आलं. हौसाबाईनं हात पुढं करून लेकीचा हात धरला, तेव्हा कुठं ती थांबली.

तिचं दूध मात्र थांबत नव्हतं. ते राघोच्या गालावर पडत राहिलं. बाजूला तिचं स्वतःचं पोर रडायला लागलं.

राघोला दुसऱ्या दिवशी सकाळी गावात आणून बांधाच्या वरच्या अंगाला पुरलं. धाकूनं खड्डा खणला.  या गोष्टीबद्दल तो पुढं कधी बोलला नाही.

पाच-सहा दिवसांनी आवडाबाई सगुणाजवळ येऊन बसली. सगुणा भिंतीला टेकली होती. आवडाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "एक बरं झालं," ती म्हणाली. "तहानेनं नाय गेला. माझ्या गोविंदासारका नाय गेला."

सगुणाला गप्प बसता आलं असतं. तिनं तसं ठरवलंही होतं. पण तोंडातून आलंच. "आये, त्या पान्यानंच गेला. माझं दूध गोड व्हतं. हात धुऊन चाखलं मी. खारट हात व्हता. पहिला घोट मी दिला आनि शेवटचा तू दिलास."

आवडाबाईनं हात काढला नाही.  आपलं म्हणणं पटलं नाही, असं सगुणाला वाटायला लागलं. मग म्हातारीनं हळूच विचारलं, "मंग तुझी पहिली?"

सगुणानं होकाराची मान हलवली.

"माझी चार पोरं गेली, गोविंदा धरून. तिघांना मी पाजलं व्हतं पानी. रोज." ती बोटं दुमडून थांबली. "मंग धाकू कसा जगला? त्याला पन पाजलं व्हतं."

"नाय माहीत," सगुणा म्हणाली. आणि तिला खरोखरच माहीत नव्हतं.

त्यानंतर आवडाबाईनं कोणाचं पोर हातात घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या काळुरामची बायको गोदा दीड महिन्याचं पोर घेऊन मिठावर आली. सगुणानं दोन दिवस स्वतःला आवरलं. तिसऱ्या दिवशी ती मांडवात गेली आणि म्हणाली, "गोदा, याला पानी नको देऊ. वरचं काहीच नको. तुझं दूध पुरं हाय त्याला."

गोदानं झटकन पोरावर पदर ओढला. "तू नको बगू याच्याकरं," ती म्हणाली. मग जरा ओशाळून, पण पदर तसाच धरून, "राग नको धरू सगुणा. पन तुझी दोन गेली. तू मना काय सांगतेस?"

 सगुणानं हौसाबाईचं नाव घेतलं, रतनचं सांगितलं, डबक्यांचं सांगितलं. गोदा ऐकत होती, पण तिची नजर सगुणाच्या खांद्यावरून पलीकडे, ती कधी जाते याकडे लागली होती.

गोदानं आवडाबाईला विचारलं, पोराजवळ बसशील का म्हणून. सगळ्या आगरावर तिच्याइतकी पोरं सांभाळलेली दुसरी कोणी नव्हती. आवडाबाई नको म्हणाली. कारण विचारलं तेव्हा तिनं सांगितलं नाही. ती उठली, कोपऱ्यातली एक पाटी घेतली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि त्या वयात मीठ वाहायला निघाली. बायका हसल्या. मुकादमानंही हसून तिला अर्धी पाटी भरून द्यायला सांगितलं. गोदाच्या पोराजवळ काळुरामची आई बसली, आणि पहिल्याच दुपारी तिनं त्याला पाणी पाजलं.

ते पोर जगलं. त्याच उन्हाळ्यात वस्तीतली दुसरी दोन गेली, पण गोदाचं जगलं, रांगायला लागलं, आणि गोदा ते कडेवर घेऊन सगुणाच्या दारावरून मुद्दाम सावकाश जायची. तिचा काही दुष्टपणा नव्हता. तिला फक्त दाखवायचं होतं.

सगुणानं पुन्हा कोणाला काही सांगितलं नाही. हिवाळ्यात आगर पुन्हा सुरू झालं तेव्हा तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. बाळंतपण फाल्गुनात येणार होतं, म्हणजे पुन्हा उन्हाळाच. बाळंतपणासाठी आपण शीळ गावाकडे माहेरी जावं आणि पावसाळा लागेपर्यंत तिथंच राहावं का, असं तिनं धाकूला एकदा विचारलं. "आनि आगराचं काम?" धाकू म्हणाला. तिनं मान हलवली आणि विषय सोडला. दुसऱ्या दिवशी ती आणि आवडाबाई पडावाच्या फळीवरून एकामागं एक पाट्या घेऊन चालल्या. म्हातारी मध्ये मध्ये थांबायची, आणि ती चालू लागेपर्यंत सगुणा मागं उभी राहायची.